सही कुणाची?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रं डॉक्टर बायकांची आहेत. तपासणीच्या खोलीतून उठून कारभाराच्या खुर्चीत बसावं का, आणि बसलंच तर टिकावं कसं, हे त्यांना विचारायचं आहे. मी मिरजेला भूलशास्त्र शिकले, १४ वर्षं सांगली, मिरज, तासगाव, विटा इथल्या लहानमोठ्या हॉस्पिटलांत भूल देत फिरले आणि गेली ११ वर्षं १८० खाटांच्या एका रुग्णालयाचा कारभार बघते आहे. जे स्वतः केलं, चुकले आणि शिकले तेच सांगते. पत्रं थोडी छोटी केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

मॅडम, मी बालरोगतज्ज्ञ, वय ३९, नाशिक. एका मोठ्या हॉस्पिटल समूहाने मला त्यांच्या इथल्या शाखेची प्रमुख होण्याबद्दल विचारलं आहे. सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस ओपीडी चालेल, पुढे तीही बंद करावी लागेल असं त्यांनी सुचवलंय. माझ्याकडे येणारी काही मुलं आता सहावीला आहेत, मी त्यांना जन्मल्यापासून बघतेय. माझ्या शिक्षणासाठी आईने शेताचा तुकडा विकला. ‘डॉक्टरकी सोडून नोकरी धरली’ हे तिच्या कानावर जायला नको वाटतं. आणि डॉक्टरांना टार्गेट देणारी बाई अशी माझी ओळख होईल, ही भीती आहेच.

आधी एवढं ठरवा, तुम्ही दमला आहात की अडला आहात? दमला असाल तर महिनाभर सुट्टी घ्या, रात्रीचे कॉल वाटून घ्या, एखादी तरुण सहकारी जोडीला घ्या. दमलेल्या माणसाने ही खुर्ची घेऊ नये. इथेही थकवा आहेच, आणि हा थकवा ओटीचे, म्हणजे ऑपरेशन थिएटरचे, कपडे बदलले म्हणून उतरत नाही, घरापर्यंत सोबत येतो. पण जे करायला हवं ते खोलीत बसून आपल्याला करताच येत नाही, असं तुम्हाला सारखं जाणवत असेल, तर जा.

मी कुठे अडले ते सांगते. पावसाळ्यातली रात्र होती. एका नर्सिंग होममध्ये सिझरची केस. स्पायनल, म्हणजे कण्यातून भूल, दिलं, बाळ आलं, रडलं. मग आईला रक्तस्राव सुरू झाला. रक्तदाब पडला, मी ऑक्सिजन वाढवला आणि सिलिंडरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकताना दिसला. बदलीचा सिलिंडर लावायला सांगितला, तर तो रिकामा. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला ५ लिटरने तो किती तास पुरेल हे मी झोपेतून उठूनही सांगितलं असतं. पण भरलेला सिलिंडर मुळात आला का नाही, हे मला माहीत नव्हतं आणि ते विचारणं माझं काम आहे असं कधी वाटलंही नव्हतं. वॉर्डातल्या मामांनी वरच्या मजल्यावरून एक लहान सिलिंडर खांद्यावर टाकून आणला आणि त्यावर निभावलं. बाई वाचली. ते बाळ आता सातवी-आठवीत असेल. सकाळी कळलं, पुरवठादाराचं तीन महिन्यांचं बिल थकलं होतं, म्हणून त्याने गाडीच पाठवली नव्हती.

इतकी वर्षं मी मॉनिटरवर नजर ठेवून होते. त्या बाईचा जीव मात्र खालच्या मजल्यावर, बिलांच्या फायलीत अडकला होता. पुढचे कित्येक दिवस मला तो काटा दिसत राहिला. दोन वर्षांनी एका रुग्णालयाच्या विश्वस्तांनी कारभार बघता का म्हणून विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं ते त्या काट्यामुळे.

तुमच्याकडे असा एखादा काटा आहे का ते बघा. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर कमी आहेत म्हणून तुम्ही बाळ दुसरीकडे पाठवलं असेल, लसींचा फ्रिज रात्री बंद पडला आणि जनरेटरला डिझेल नव्हतं असं झालं असेल. अशा गोष्टी आठवून हात शिवशिवत असतील तर तुम्ही या कामाला लायक आहात. पगाराचा आकडा बाजूला ठेवून हा विचार करा.

आता पैशाबद्दल, कारण आपल्याला तो कुणी शिकवत नाही. पहिल्या वर्षी माझ्यापुढे आलेल्या पत्रकात नफा होता आणि बँकेत पगाराला पैसे नव्हते. मला वाटलं कुणीतरी चोरी करतंय. आमच्या हिशेब विभागातले एक वयस्क गृहस्थ माझ्यासमोर कागद घेऊन बसले. समजा, महिन्याचं बिल ३ कोटींचं आहे आणि त्यातले ६० टक्के विमा कंपन्यांकडून किंवा सरकारी योजनेतून यायचे आहेत. ते पैसे यायला ७५ दिवस लागत असतील, तर कायम साडेचार कोटी रुपये आपले असूनही आपल्या हातात नाहीत. उरलेल्या पैशांत सिस्टरांचे पगार, औषधांचे पुरवठादार, वीजबिल सगळं भागवायचं. ज्या दिवशी मला हे उमगलं त्या दिवशी त्या नर्सिंग होममधला रिकामा सिलिंडरही उमगला. तिथल्या डॉक्टरांनी हेळसांड केली असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्यांची येणी अडकली असणार आणि कुणीतरी आधी कोणाला पैसे द्यायचे याचा क्रम चुकवला असणार. आमच्याकडे आता तो क्रम लिहिलेला आहे. ऑक्सिजन, रक्तपेढी, जीवरक्षक औषधं आणि पगार यांना कधीही थांबवायचं नाही. बाकीचे पुरवठादार थांबतात, पण त्यांना मी स्वतः फोन करून तारीख सांगते.

आणि येणी अडकतात त्यातली निम्मी आपल्याच दारात. मे २०२४ मध्ये विमा नियामकाने सांगितलं की कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. चांगला नियम आहे. पण आमच्याकडे डॉक्टर राउंडला दुपारी येत, डिस्चार्ज कार्ड संध्याकाळी टाइप होई, मग कागद विमा कंपनीकडे जात. नातेवाईक रात्री आठपर्यंत सामान बांधून बसलेले, आणि खाली कॅज्युअल्टीत बेडची वाट बघणारा दुसरा पेशंट. इथे तुमचं डॉक्टर असणं कामी येईल. एमबीए झालेला मॅनेजर ज्येष्ठ सर्जनला ‘उद्या घरी जाणाऱ्यांचं कार्ड आज रात्रीच तयार ठेवा’ असं सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकता, कारण कार्डात काय लिहायचं असतं आणि त्याला किती वेळ लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

टार्गेटची भीती खरी आहे, तिच्याकडे डोळेझाक करू नका. मला दुसऱ्याच महिन्यात सांगण्यात आलं की आजूबाजूच्या डॉक्टरांना ‘काहीतरी’ दिल्याशिवाय पेशंट येत नाहीत. पेशंट पाठवल्याबद्दल पैसे देणं-घेणं वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत सरळ निषिद्ध आहे, आणि तो खर्च शेवटी पेशंटच्या बिलात जातो हे आपण सगळे जाणतो. मी नाही म्हटलं. चार महिने ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या, केसेस घटल्या, विश्वस्तांच्या बैठकीत मला उभं केलं गेलं. मग मी पाठवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला त्याच्या पेशंटचं डिस्चार्ज कार्ड आणि सर्जनचा फोन त्याच दिवशी जाईल अशी सोय केली. पाठवलेला पेशंट परत आपल्याकडेच येतो ही खात्री पटल्यावर बरेच जण परतले. सगळे परतले नाहीत. जे नाही आले त्यांच्यावाचून चालवायची तयारी ठेवावी लागते.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्या. नेमणुका आणि बडतर्फी यांवर अंतिम सही कुणाची. किती रकमेपर्यंतचा खर्च तुम्ही कुणाला न विचारता करू शकता. पेशंटच्या तक्रारी आणि मृत्यूंचा आढावा तुम्ही थेट संचालक मंडळापुढे मांडाल, मधे कुणी नाही. आणि डॉक्टरांचं मानधन तपासण्यांच्या किंवा भरतीच्या संख्येशी जोडलं जाणार नाही. ‘एवढं लिहायची काय गरज, आपण विश्वासाने काम करतो’ असं म्हणाले, तर समजा की जबाबदारी तुमची आणि सही दुसऱ्याची असणार आहे. मग ते पद घेऊ नका.

ओपीडीचा एक दिवस पहिली तीन वर्षं तरी राखा. मी ओटीत आठवड्यातून एक सकाळ ठेवली होती. राज्य वैद्यकीय परिषदेची नोंदणी चालू ठेवा, दर पाच वर्षांचं नूतनीकरण आणि त्यासाठीचे क्रेडिट पॉइंट चुकवू नका. पहिल्या वर्षी तुम्हाला हात रिकामे वाटतील. मला वाटायचे. नाडी बघायला बोटं आपोआप पुढे जायची. ते दुःख आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

आईबद्दल. आपल्या देशातल्या सुरुवातीच्या स्त्री डॉक्टरांपैकी एक, डॉ. रखमाबाई लंडनहून शिकून आल्या आणि सुरत, मग राजकोट इथल्या स्त्रियांच्या रुग्णालयांच्या प्रमुख म्हणून त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केलं. शिकलेल्या बाईने एक रुग्णालय उभं ठेवणं ही आपल्याकडे डॉक्टरकीइतकीच जुनी गोष्ट आहे. तुमच्या आईला एक दिवस तिथे घेऊन जा, एनआयसीयूच्या काचेपाशी उभं करा आणि सांगा की या सगळ्या बाळांच्या फ्रिजमध्ये, सिलिंडरमध्ये, सिस्टरांच्या ड्यूटीत तुमचं लक्ष असणार आहे. जमिनीचा तुकडा कशासाठी गेला हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

मी पॅथॉलॉजिस्ट, वय ३३, लातूर. माझ्या लॅबच्या दोन शाखा आहेत, पाच करायच्या आहेत. एमबीए करावं का? फी २५ लाखांच्या पुढे जाते आणि एक वर्ष गाव सोडावं लागेल.

आत्ता नको. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाचा चांगला अभ्यासक्रम आहे, अहमदाबादच्या आयआयएमला आणि हैदराबादच्या आयएसबीला अनुभवी लोकांसाठी वर्षभराचे अभ्यासक्रम आहेत. मोठ्या समूहात वर जायचं असेल, किंवा दुसऱ्या क्षेत्रातली माणसं ओळखीची व्हावीत असं वाटत असेल, तर त्यांचा उपयोग होतो. तुम्हाला पाच शाखा करायच्या आहेत. त्यासाठी आधी एका तपासणीची खरी किंमत काढा.

तुमचं थायरॉइडचं मशीन बहुधा रिएजंट रेंटलवर असेल. कंपनीने मशीन ठेवलं, तुम्ही महिन्याला ठरावीक रकमेचे किट घेण्याचं कबूल केलं. १०० टेस्टचा किट आला. त्यातून मशीन बरोबर मोजतंय का हे बघायचे कंट्रोल आणि कॅलिब्रेशन, रिपीट आणि तळाशी उरलेलं वाया जाऊन पेशंटचे रिपोर्ट किती निघाले ते रजिस्टरवरून मोजा. ७८ निघत असतील तर तुमचा दर ७८ ने भागून काढायचा, १०० ने नाही. नव्या शाखेत सुरुवातीला दिवसाला चारच नमुने येतात आणि कंट्रोल मात्र तेवढेच लागतात, म्हणून तिथे हाच आकडा पन्नाशीच्या खालीही जाऊ शकतो. म्हणजे तिथे मशीन ठेवायचंच नाही, फक्त नमुने घ्यायचे आणि बर्फाच्या डब्यातून मुख्य लॅबला आणायचे. हा हिशेब करून झाला की तुमच्या सीएकडून मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागवा आणि प्रत्येक ओळ कशी आली ते विचारा. सहा महिने दर शनिवारी दोन तास. त्यानंतरही एमबीए हवंसं वाटलं तर खुशाल करा, तेव्हा तुमच्याकडे वर्गात विचारायला प्रश्न असतील.

ताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, वय ४७, सोलापूर जिल्हा. यजमान सर्जन. आमचं ३५ खाटांचं हॉस्पिटल. धाकट्या मुलाच्या वेळी मी प्रॅक्टिस थांबवली ती पुन्हा नीट सुरू झालीच नाही. पण हॉस्पिटल मीच चालवते. स्टाफ, औषधं, बँक, योजनेचे क्लेम, बायोमेडिकल वेस्ट, रजिस्ट्रेशन, सगळं. लोक मला ‘सरांच्या मिसेस’ म्हणतात. नवीन इमारतीसाठी मोठं कर्ज काढतोय. मी म्हटलं, मला रीतसर संचालक करा. घरात सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, अगं, घरचंच तर आहे. यजमान वाईट नाहीत. मी उगाच मागते आहे का?

उगाच नाही. तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ बसून राहिले. आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात डॉक्टर जोडप्यांची हॉस्पिटलं आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी खरी मुख्य कार्यकारी अधिकारी ती ‘मिसेस’ असते. मी भूल द्यायला जायची तेव्हा केस कधी लावायची ते सरांना विचारायचे, पण ओटीत सक्शन चालू आहे का, रक्त आलंय का, सिस्टर कोण आहे, हे मॅडमना. कुणाला विचारलं की कळेल, हे गावातल्या मेडिकलवाल्यालाही माहीत असतं. फक्त कागदाला माहीत नसतं.

कागदाचंच बघू. कर्जाच्या वेळी बँक तुमची सही घेईल, बहुधा जामीनदार म्हणून. १८७२ च्या करार कायद्यानुसार, वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर बँक तुमच्याकडे येऊ शकते, तुमच्या नावावरच्या घराकडे येऊ शकते. म्हणजे बुडण्याच्या बाजूला तुमची सही आधीच आहे. तुम्ही फक्त चालवण्याच्या बाजूला तीच सही मागता आहात. घरच्यांना हे याच शब्दांत सांगा, शांतपणे, कर्जाचा अर्ज समोर ठेवून.

मग एक वही करा आणि दोन आठवडे तुम्ही जे जे करता ते वेळेसकट लिहा. क्लेममधली कपात कुणी शोधली, ओव्हरड्राफ्टसाठी बँकेत कोण गेलं, मध्यरात्री आरएमओ (ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर) आला नाही तेव्हा फोन कुणी फिरवले. ही वही यजमानांना वाचायला द्या. ते वाईट नाहीत असं तुम्ही लिहिलंय, आणि मला ते पटतं. सकाळी आठ ते रात्री दहा ओटीत असणाऱ्या माणसाला बाहेरचं सगळं आपोआप होतंय असं वाटू लागतं. मीही ओटीत तशीच होते.

पुढे सीए आणि वकील यांच्याबरोबर बसून हॉस्पिटल कोणत्या रूपात आहे ते तपासा. यजमानांच्या एकट्याच्या नावावर असेल तर नवीन कर्जाच्या आधी ते बदलण्याची हीच वेळ आहे. १९३२ च्या कायद्याखालच्या साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. २००८ च्या कायद्याखालची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली तर ती साधारणपणे गुंतवणुकीपुरती राहते, पण वैयक्तिक जामीन दिला असेल तर तेवढा तो उरतोच. भागीदारीच्या करारात काम करणाऱ्या भागीदाराला मानधन लिहिता येतं. ते तुमच्या नावाने लिहा, तुमच्या खात्यात घ्या आणि तुमचं विवरणपत्र वेगळं भरा. नर्सिंग होमची नोंदणी, सोनोग्राफीची नोंदणी, औषध दुकानाचा परवाना, कचऱ्याची परवानगी, प्रत्येकावर कुणाचं नाव आहे याची यादी करा. सोनोग्राफीच्या कागदांत जराशी त्रुटी राहिली तरी कायदा नोंदणीवरच्या नावाला धरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पदाचं नाव दारावर लावा. ‘संचालक’ एवढं पुरेसं आहे, आणि त्याच्या आधी ‘डॉ.’ आणि तुमची पदवी. नवीन स्टाफची नेमणूकपत्रं तुमच्या सहीने जाऊ द्या. सहा महिन्यांत ‘सरांच्या मिसेस’ हा शब्द कमी होईल, कारण पगारवाढीसाठी कुणाकडे जायचं हे लोक लवकर शिकतात.

सासूबाईंशी वाद घालू नका. ‘घरचंच आहे’ हे त्यांचं म्हणणं प्रेमाचंच आहे. त्यांना एवढंच विचारा, सात-बारावर नाव लावताना घरचंच आहे म्हणून कुणी थांबतं का.

एक माझ्याकडून. तुमची प्रॅक्टिस थांबली याची खंत पत्रात दोन ठिकाणी डोकावते. नवीन इमारतीत आठवड्यातल्या दोन दुपारी तुमची स्वतःची ओपीडी ठेवा. हॉस्पिटलला गरज आहे म्हणून ठेवू नका, तुम्हाला हवी आहे म्हणून ठेवा.

मी एका औषध कंपनीत वैद्यकीय सल्लागार विभागाची प्रमुख झाले आहे, पुणे. बैठकीत मी बोलायला लागले की मधेच कुणीतरी बोलतं, आणि दहा मिनिटांनी माझाच मुद्दा दुसऱ्याच्या नावावर जातो. एकदा तर पाहुण्याने मला चहाचं विचारलं.

ओटीतली एक गोष्ट बैठकीत आणा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी दिली. तिच्यात छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगितल्याची खात्री करायची असते. एकदा नाव उच्चारलेलं माणूस पुढे धोका दिसला तर बोलायला कचरत नाही, हे मी टेबलाशेजारी उभं राहून पाहिलं आहे. तुम्ही प्रमुख आहात, तेव्हा बैठकीची सुरुवात अशीच करा. पाहुण्यांसकट सगळ्यांनी नाव आणि जबाबदारी सांगायची, चहा आणणाऱ्या काकांनीही. मुद्दा आदल्या दिवशी लिहून सगळ्यांना मेल करा, म्हणजे तो कुणाचा आहे हे तारखेसकट राहील. आणि मधे कुणी बोललं तर आवाज चढवू नका, थांबा, त्यांचं संपू द्या, मग ‘मी म्हणत होते’ म्हणून त्याच वाक्यापासून पुढे जा. दर वेळी. दुसऱ्या बाईला कुणी तोडलं तर तिच्यासाठीही हेच करा.

आदरणीय मॅडम, मी निवृत्त शिक्षक, माण तालुका, जिल्हा सातारा. मुलगी सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली, वर्षभर बाँडची, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी, सेवा प्राथमिक आरोग्य केंद्रात केली आणि आता पुण्याला एका कंपनीत आहे. तालुक्याच्या गावांत डायलिसिसची केंद्रं सुरू करण्याचं काम तिच्याकडे आहे म्हणते. गावात सगळे विचारतात, गुरुजी, पोरीचा दवाखाना कुठं? सरकारची एक जागा आम्ही वाया घालवली, असं मनात येतं.

गुरुजी, नमस्कार. प्राथमिक शाळेत शिकवणारा माणूस पुढे गटशिक्षणाधिकारी झाला, तर त्याची डी.एड. वाया गेली असं तुम्ही म्हणाल का? त्याने वर्ग बघितलेला असतो म्हणून त्याला शाळेत गेल्या गेल्या कळतं की फळा कुठे चुकलाय. तुमच्या मुलीने बाँडचं वर्ष पैसे भरून चुकवलं नाही, आरोग्य केंद्रात राहून पुरं केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. ते वर्ष आता तिच्या कामात उतरलेलं असणार.

तुमच्याच भागातला किडनीचा पेशंट डोळ्यापुढे आणा. त्याला आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास मशीनवर राहावं लागतं. वर्षाला १५६ वेळा. दहिवडीहून साताऱ्याला जायचं म्हणजे पहाटेची एसटी, सोबत घरचं एक माणूस, दोघांचा रोज बुडाला. कंटाळून लोक तीनचे दोन करतात, मग एक करतात, मग फुप्फुसात पाणी साठलेल्या अवस्थेत रात्री कुठल्यातरी कॅज्युअल्टीत येतात. अशा कितीजणांच्या श्वासाच्या नळीला मी हात लावला आहे. त्यांना माझी गरज उशिरा पडायची. त्यांना आधी गरज होती ती गावाजवळच्या मशीनची.

आणि ते मशीन ठेवणं म्हणजे खोली भाड्याने घेऊन पाटी लावणं नव्हे. मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव जातो, म्हणजे चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागतं, आणि तेवढं शुद्ध मिळवताना आरओतून आणखी बरंच वाहून जातं. माणमध्ये हे पाणी कुठून आणायचं, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यातले क्षार वाढले तर आरओचा पडदा किती दिवस टिकेल, वीज गेली तर रक्त नळीत असताना मशीन किती मिनिटं बॅटरीवर चालेल, हिपॅटायटिसच्या पेशंटसाठी वेगळं मशीन ठेवायचं तर खर्च कसा बसवायचा, तंत्रज्ञ गावात राहील का. यातला एकही प्रश्न नुसत्या हिशेबाच्या माणसाला धड सुटणार नाही आणि नुसत्या डॉक्टरलाही नाही. तुमच्या मुलीला दोन्ही समजावं म्हणून तिला तिथे बसवलं आहे.

गावात पुन्हा कुणी विचारलं की दवाखाना कुठं, तर ज्या ज्या तालुक्यात तिने केंद्र सुरू केलंय त्या गावांची नावं सांगा. तुम्हाला ती पाठ नसतील तर तिला फोन करून लिहून घ्या. आणि फोनवर तेवढंच विचारून ठेवू नका. आपल्या माणमध्ये केंद्र कधी होणार आणि पाण्याचं काय ठरवलंय, हेही विचारा. तुमची कुठली विहीर मार्च-एप्रिलपर्यंत टिकते, कुठली जानेवारीतच आटते, हे पुण्यात बसून तिला कळणार नाही. ते तुम्हीच तिला सांगू शकाल.